मांडीवरची कळशी

केण्यांच्या घराण्यात तीन धंदे होते आणि ते एकाच इमारतीत होते. नारपोलीच्या नाक्यावर डाव्या हाताला ट्रकची एजन्सी, मागे गॅरेज आणि वर जिना चढून गेलं की सहकारी बँक. गिऱ्हाईक एजन्सीत शिरलं की त्याला ट्रक आवडायचा, पैसे नसायचे म्हणून ते जिना चढायचं, आणि सहा महिन्यांनी क्लच गेला की मागच्या दाराने गॅरेजात यायचं. मोठ्या शहरांत अशा व्यवस्थेला उद्योगसमूह म्हणतात. भिवंडीत 'केण्यांकडे' म्हणत.

बँक सहकारी होती, म्हणजे संचालक नऊ होते. त्यांतले सात केणे होते आणि उरलेले दोन केण्यांचे जावई. चेअरमन होत्या ठमाबाई नवशा केणे. त्यांना घरात, गॅरेजात आणि बँकेच्या ठरावांतही सगळे आक्का म्हणत. आक्कांना वाचता येत नव्हतं. सही येत होती. ती त्या चेअरमन झाल्या त्या वर्षी शिकल्या होत्या आणि एक सही करायला त्यांना पुरता एक मिनिट लागे. त्या मिनिटभरात त्यांचं मत बदलल्यामुळे बँकेची बरीच कर्जं वाचली, असं मी मॅनेजर या नात्याने सांगू शकतो. मला मॅनेजर म्हणून घेतलं ते बी.ए.ला इतिहास घेतला होता म्हणून. आक्का म्हणाल्या होत्या, "मागं काय झालं ते याला ठाव असेल. पुढचं मी बघतो." त्या स्वतःबद्दल कधीकधी पुरुषासारख्या बोलत. कोणी टोकत नसे.

कर्ज कोणाला द्यायचं, हे आक्का कळशीने ठरवत.

त्याची हकीकत अशी. आक्कांचे यजमान नवशाशेठ आधी दापोड्याहून मुंबईच्या तबेल्यांना गवत पोचवत, बैलगाडीने. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली एक लॉरी त्यांनी घेतली. तिचा रेडिएटर इतका गळका होता की दर चार मैलांवर पाणी पाजावं लागे. म्हणून आक्का शेजारी बसत, मांडीवर पाण्याने भरलेली पितळी कळशी घेऊन. धूळ जाऊ नये म्हणून कळशीच्या तोंडावर कोरडं फडकं बांधलेलं. सहा वर्षं त्या अशा फिरल्या. लॉरी कधी नवशाशेठ चालवत, कधी पगारी ड्रायव्हर. कोणाच्या हाताखाली फडकं भिजतं, कोणाच्या हाताखाली लुगडं भिजतं आणि कोणाच्या हाताखाली दोन्ही कोरडी राहतात, हे आक्कांच्या मांडीला पाठ झालं. ज्याच्या हाताखाली पाणी सांडायचं त्याचे टायर आधी झिजायचे, मग स्प्रिंगचे पाटे तुटायचे, मग गाडी गॅरेजात पडायची. बँक निघाली तेव्हा आक्कांनी एवढंच पुढे जोडलं, की गाडी गॅरेजात पडली की हप्ताही तिथेच पडतो.

तेव्हापासून नियम ठरला. ट्रकसाठी कर्ज मागणाऱ्याने आक्कांना शेजारी बसवून नारपोलीहून पडघ्यापर्यंत गाडी चालवायची. आक्कांच्या मांडीवर कळशी. लुगडं भिजलं की कर्ज नाही. कोरडं राहिलं तर त्याच कळशीतलं पाणी आधी ड्रायव्हरने प्यायचं, मग आक्कांनी, आणि मग मी कागद करायचे. वीस वर्षांत या बँकेचं ट्रकवरचं एकही कर्ज बुडालं नव्हतं. मोठ्या बँकांनाही हे जमलेलं नव्हतं. पण मोठ्या बँकांच्या चेअरमनच्या मांडीवर काय असतं हे मला माहीत नाही.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत पडघ्याला शाखा काढायचं ठरलं. शाखा अनंतासाठी होती. अनंता हा आक्कांचा थोरला, बी.कॉम., चाळिशीला आलेला, टेरिलीनच्या पँटी घालणारा. आक्कांनी संचालकांसमोर सांगून टाकलं होतं, "पडघा नीट चालवलास तर नारपोलीपन तुझी. मना आता गुडघं न्हाय हायत जिना चढायला." म्हणजे सगळा कारभार, एजन्सी, गॅरेज आणि बँक, अनंताकडे जाणार की नाही हे पडघ्यावर होतं, आणि पडघ्याची शाखा मुंबईहून तपासणीला येणाऱ्या इन्स्पेक्टरच्या शेऱ्यावर होती.

अनंताला कळशीची लाज वाटे. "आई, तो माणूस विचारील की तुमची कर्ज द्यायची पद्धत काय. आपण काय दाखवणार? पितळ?"

"पितळ," आक्का म्हणाल्या.

अनंताने मग स्वतःच एक फॉर्म काढला. चार पानी, शंभर गुणांचा. जमीन किती, जामीन कोण, शिक्षण काय, बँकेच्या कोणा संचालकाशी नातं आहे काय. या शेवटच्या प्रश्नाला खरं तर गुण कापायला हवे होते, पण फॉर्म छापताना वजाऐवजी अधिक पडलं, आणि छपाईचे पैसे देऊन झाले होते. अनंताच्या बायकोचा, शैलाचा, भाऊ नामा याला त्या फॉर्मात ब्याण्णव गुण मिळाले. पडघ्याच्या शाखेतला पहिला ट्रक नामाला मिळावा, असं शैलाचं म्हणणं होतं, आणि शैलाचं म्हणणं अनंताच्या घरी ठरावासारखंच असे.

आमच्याच गॅरेजातला बाळाराम यानेही अर्ज केला होता. बाळाराम चौदा वर्षं केण्यांच्या गाड्या चालवत होता. नारपोलीच्या बुद्धवाड्यात राही. जमीन नाही म्हणून शून्य, जामीन नाही म्हणून शून्य, नातं अर्थातच शून्य. त्याला एकेचाळीस गुण पडले, आणि तेही मी अक्षरासाठी चार जास्त दिले म्हणून.

इन्स्पेक्टर घैसास सकाळी नऊला आले. पुण्याचे होते, हडकुळे, पांढरीशुभ्र ड्रिलची पँट. ती पँट भिवंडीत कोणी घालत नाही, कारण नारपोलीत सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत यंत्रमागांच्या कापसाने उगाचच म्हातारा दिसू लागतो. त्यांना घरी बसवलं. चहा आला. चहा कोरा होता.

"दूध नासलं," शैला दारातून म्हणाली.

आक्कांनी कपाकडे पाहिलं, मग शैलाकडे पाहिलं. दारात दोन म्हशी बांधलेल्या होत्या. त्या रवंथ करत होत्या. घैसासांनी चहा घेतला आणि डायरी काढली.

"ठमाबाई, मला एक प्रत्यक्ष प्रकरण दाखवा. अर्जापासून मंजुरीपर्यंत. तुम्ही कर्जदार पारखता कसा, हे मला पाहायचंय."

अनंताने फॉर्मांची फाईल पुढे केली. सगळ्यांत वर नामाचा फॉर्म होता. घैसासांनी चारही पानं वाचली. "ब्याण्णव. चांगलं आहे. आणि मग?"

"मग कळशी," आक्का म्हणाल्या.

घैसासांनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. "म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी डायरी मिटली. मग म्हणाले, "दाखवा. पण एक लक्षात घ्या, मी दोन्ही पाहणार. फॉर्म सांगतो तो माणूस चांगला आणि तुमची कळशी सांगते वाईट, असं झालं तर तुमच्या बँकेला कर्ज कोणाला द्यायचं हे कळत नाही, असंच मला लिहावं लागेल. मग पडघा विसरा."

अनंताच्या कपाळावर घाम आला. जानेवारीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण इतिहासाच्या माणसाला गोष्टी मागाहूनच कळतात.

ट्रक नवा होता, एजन्सीच्या दारात उभा. चाकाखाली लिंबू ठेवून झालं होतं. अनंताने स्वतः घरातून कळशी आणली. तोंडावर कोरडं पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. आक्का केबिनमध्ये चढल्या आणि त्यांनी कळशी मांडीवर घेतली. घेताना त्या क्षणभर थांबल्या, नाकाने हलकासा श्वास घेतला, आणि नामाकडे बघून म्हणाल्या, "चल रे."

केबिनमध्ये नामा, आक्का, घैसास आणि दाराशी मी. मागे हौद्यात बाळाराम, कारण नव्या गाडीबरोबर दुसरा ड्रायव्हर असायचा, हा आणखी एक नियम. अनंता आपल्या मोटारीतून मागून यायचा होता.

नामा निघाला तो असा, की नारपोलीच्या गल्लीतले माग क्षणभर थांबल्यासारखे वाटले. ते थांबले नव्हते. त्यांचा खडखडाट आमच्या खडखडाटात बुडाला होता. सुताच्या बॉबिनींनी भरलेली एक हातगाडी आडवी आली. नामाने कचकन ब्रेक मारला, हातगाडीवाला उडी मारून गटाराच्या कडेला गेला आणि तिथून ओरडला, "अबे अंधा है क्या? बाप का रोड समझा?"

"चल हट!" नामाने मान बाहेर काढून सांगितलं आणि गाडी पुन्हा सोडली.

घैसासांचा चष्मा नाकावरून ओठावर आला. त्यांनी तो वर चढवला आणि कळशीकडे पाहिलं. फडकं कोरडं. आक्कांचं लुगडं कोरडं. त्यांनी डायरीत लिहिलं.

"नामा," आक्का म्हणाल्या, "इतकी हळू कशाला चालवतोस? सायेबांना परतायचं हाय."

नामाला विश्वास बसेना. त्याने तिरप्या डोळ्याने कळशीकडे बघितलं, हसला आणि पाय दाबला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने एकामागून एक तीन ट्रक मागे टाकले, त्यांतला एक डावीकडून. खड्डे टाळायचं त्याने सोडूनच दिलं. खड्ड्यात गाडी गेली की आम्ही सगळे एकदम वर जात होतो आणि वेगवेगळे खाली येत होतो. मी दाराचा दांडा धरला होता. घैसासांनी मला धरलं होतं. मागे बाळाराम हौद्यावर थाप मारून "ओ, ओ!" करत होता, ते आमच्यासाठी की त्याच्यासाठी हे कळत नव्हतं. फक्त आक्का स्थिर होत्या. दोन्ही हातांनी कळशी पोटाशी धरून, जणू लेकीकडचं बाळ.

"घे अजून जरा," त्या म्हणाल्या.

चौदा किलोमीटरला सव्वा तास लावणारे ड्रायव्हर मी पाहिले होते. नामाने आम्हाला पंचवीस मिनिटांत पडघ्याच्या बाजारात आणून सोडलं, तेही एका कोंबडीला वळसा न घालता. कोंबडीने वळसा घातला.

गाडी गोदूबाईच्या हॉटेलासमोर थांबली. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि चूल. घैसास उतरले, उभे राहता येतंय का हे पाहिलं, आणि मग परत केबिनमध्ये डोकं घालून त्यांनी फडक्यावर बोट ठेवलं.

"जरा दमट आहे."

"व्हईल की," आक्का म्हणाल्या.

"पण लुगडं कोरडं आहे. म्हणजे पास?" त्यांच्या आवाजात निराशा होती. त्यांना नामा पास व्हायला नको होता, पण सरकारी माणसाला स्वतःच्या हाडांची साक्ष काढता येत नाही.

"पास न्हाय, सायेब. अजून पाणी प्यायचं ऱ्हायलं. नामा, ये. आधी डायवरनं प्यायचं."

नामाचा चेहरा उतरला. "तहान न्हाय, आक्का."

"तहानेचं कोन इचारतो? ओंजळ कर."

मागून अनंताची मोटार आली. तो घाईघाईने उतरून येईपर्यंत आक्कांनी फडकं सोडलं होतं आणि कळशी नामाच्या ओंजळीवर तिरकी केली होती. काही आलं नाही. आक्कांनी बुडाला थाप मारली. गळ्यातून गडगड आवाज आला, आणि नामाच्या ओंजळीत पांढरं पातळ काहीतरी पडलं, आणि त्यावर लिंबाएवढा पिवळसर गोळा.

गोदूबाई चुलीपाशी उभी राहून बघत होती. तिला पहिल्यांदा समजलं.

"अगं बाय! लोनी!"

घैसास वाकले. "हे पाणी असं का दिसतंय?"

"पाणी न्हाय सायेब, ताक हाय," आक्का म्हणाल्या. "नारपोलीला चढवलं तवा दही होतं. म्हशीचं, विळ्यानं कापावं असं. पडघ्याला येस्तवर त्याचं ताक झालं आन् लोनीबी आलं. आमच्या घरात याला रवी लागते आन् दोन सुना लागतात. आता तुमीच सांगा, यानं गाडी कशी चालवली."

घैसासांनी डायरी उघडली, आणि या उत्तरासाठी त्यांच्याकडे रकाना नाही हे पाहून मिटली.

आक्का अनंताकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर अनंताला बरं वाटलं असतं.

"दारात दोन म्हशी, आन् सायेबाला कोरा चहा. मना तिथंच कळलं. कळशी उचलली तवा खात्री झाली. पाणी मांडीवर हलतं रे, ते गप ऱ्हात न्हाय. हे मीटिंगला बसल्यावानी बसलं व्हतं."

"आई, मी फक्त... साहेबांसमोर काही गडबड नको म्हणून..."

"गडबड तुज्या मेव्हन्यानं केली. तू तिला विरजन लावलंस."

नामा ओंजळ तशीच धरून उभा होता. लोणी कुठे ठेवायचं हे त्याला कोणी सांगत नव्हतं. शेवटी गोदूबाईने एक वाटी आणून ते काढून घेतलं.

घैसासांनी गळ्याशी हात नेऊन शर्टाचं वरचं बटण लावलं. याचा अर्थ मला कळत होता. ते परत साहेब झाले होते. "ठमाबाई, माझी अडचण समजून घ्या. तुमचा फॉर्म म्हणतो हा माणूस ब्याण्णव टक्के चांगला. मी आत्ताच त्याच्या गाडीतून आलो, तेव्हा फॉर्म गेला. आणि तुमच्या कळशीत दही निघालं, तेव्हा कळशीही गेली. मी लिहू काय?"

अनंता जमिनीकडे बघत होता. पडघा त्याच्या डोळ्यांसमोर होता, म्हणजे तो उभाच पडघ्यात होता, आणि तरी लांब चालला होता.

"कळशी न्हाय गेली," आक्का म्हणाल्या. "गोदू, राख दे. घासून काढ हिला. आन् तुज्या विहिरीचं पाणी भर, गळ्यापर्यंत. फडकं दुसरं दे, कोरडं." मग त्यांनी हौद्याकडे मान वळवली. "बाळाराम, उतर. गाडी मागं तू न्यायची."

बाळाराम उतरला. पन्नाशीकडे झुकलेला, ठेंगणा माणूस, आणि त्या दिवशी अंगभर धूळ. "आक्का, माझा फॉर्म नापास हाय. एकेचाळीस."

"फॉर्मवर बसून न्हाय जायचं हाय. गाडीत बस."

"कळशी मी घेतो," घैसास म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्या पँटीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. "मगाशी ती तुमच्या मांडीवर होती. आता ती माझ्या मांडीवर असेल. आणि पाणी मी स्वतः भरून घेणार."

त्यांनी स्वतः भरून घेतलं, फडकंही स्वतः बांधलं. गाठ मारायला त्यांना तीन वेळा लागलं, पण कोणी हसलं नाही. नामाला अनंताच्या मोटारीत बसवलं. आम्ही निघालो.

बाळारामच्या गाडी चालवण्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही, आणि हेच त्याचं वैशिष्ट्य होतं. खड्डा दिसला की गाडी त्याच्या आधीच मंदावलेली असे. वळण आलं की ते आल्याचं नंतर लक्षात येई. पडघ्याबाहेर म्हशींचा कळप रस्त्यात होता; बाळारामने हॉर्नही वाजवला नाही, गिअर उतरवत उतरवत तो त्यांच्या मागून त्यांच्याच चालीने गेला, आणि म्हशी आपणहून बाजूला झाल्या. आक्कांनी डोळे मिटले होते. त्यांना झोप लागली होती, असं मला वाटतं. त्या नाही म्हणतात.

अर्ध्या वाटेत घैसासांनी विचारलं, "तुम्ही ब्रेक दाबतच नाही का हो?"

"दाबतो साहेब," बाळाराम म्हणाला. "आधी दाबतो."

घैसासांना हे डायरीत लिहायचं होतं, पण दोन्ही हात कळशीला होते. ते वाक्य त्यांनी तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटलं, विसरू नये म्हणून.

नारपोलीत शिरताना तोच हातगाडीवाला पुन्हा आडवा आला. सकाळचा ट्रक ओळखून त्याने हातगाडी तिथेच टाकली आणि पळाला. बाळारामने गाडी थांबवली, खाली उतरला, हातगाडी कडेला लावली आणि परत चढला.

"आ जा, आ जा, कुछ नहीं होता," त्याने त्याला सांगितलं.

तो आला नाही. त्याचा अनुभव ताजा होता.

एजन्सीच्या दारात सगळे संचालक जमले होते, कारण अनंताची मोटार आधी पोचली होती आणि नामाने गॅरेजात सगळ्यांना आपली बाजू सांगितली होती. ती बाजू लोण्यामुळे फारशी टिकली नव्हती. घैसास खाली उतरले. पांढरी पँट कोरडी होती. फडक्यावर मात्र दोन थेंब होते.

"हे माझे," घैसास म्हणाले. "मला मधे शिंक आली."

यावर संचालकांत पाच मिनिटं चर्चा झाली. शिंकेचे थेंब ड्रायव्हरच्या नावावर लिहायचे की कळशी धरणाऱ्याच्या, असा मुद्दा नवशाशेठचे धाकटे भाऊ भाऊकाका, म्हणजे आमचे व्हाइस चेअरमन, यांनी काढला. आक्का म्हणाल्या, "शिंक इन्स्पेक्टरची. मुंबईला पाठवा." विषय संपला.

"बाळाराम, पी."

बाळारामने ओंजळ पुढे केली नाही. आजूबाजूला केण्यांचे सात संचालक होते, दोन जावई, गॅरेजातली माणसं. त्याने संचालकांकडे पाहिलं, मग कळशीकडे. व्हाइस चेअरमननी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते घड्याळ दोन वर्षं बंद होतं.

"ओंजळ कशाला?" आक्का म्हणाल्या. "तोंडाला लाव. कळशी बँकेची हाय, माज्या म्हायेरची न्हाय."

बाळारामने कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावून प्याला. मग नियमाप्रमाणे ज्याच्या मांडीवर कळशी त्याचा नंबर होता. घैसासांनी ती घेतली. मी बघत होतो. त्यांनी जराही थांबा न घेता ती तशीच तोंडाला लावली आणि जवळजवळ अर्धी संपवली, दोन्ही फेऱ्यांची धूळ पोटात होती म्हणून असेल, किंवा नसेल. त्यानंतर आक्का प्यायल्या. मग व्हाइस चेअरमनना एकदम तहान लागली.

शेरा लिहायला घैसासांना दुपार लागली. कळशी इंग्रजीत कशी घालायची यावर ते आणि मी बसलो. शेवटी आम्ही लिहिलं, की अर्जदाराच्या कौशल्याची प्रत्यक्ष रस्त्यावर, चेअरमनच्या देखरेखीखाली, सांडण्याच्या निकषावर तपासणी केली जाते. हे इंग्रजीत फार भारदस्त दिसलं. फॉर्मबद्दल त्यांनी एक ओळ लिहिली: पुनर्विचार व्हावा. पडघ्याच्या शाखेला हरकत नव्हती. एकच दोष त्यांनी दाखवला. बँकेच्या वस्तूंच्या यादीत खुर्च्या आहेत, टेबलं आहेत, बंद घड्याळ आहे, कळशी नाही. ती मी त्याच संध्याकाळी लिहिली: कळशी, पितळी, कल्हईची, एक.

घैसास गेले. बाळारामचे कागद झाले. आक्कांनी सही केली. त्या मिनिटभरात मत बदललं नाही.

मग त्यांनी अनंताला बोलावलं. तो समोर उभा राहिला. मला वाटलं, आता पडघा जातो. अनंतालाही तसंच वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "मी पडघ्याला नाही जात, आई. भाऊकाकांना पाठव."

"तू जाशील," आक्का म्हणाल्या. "फॉर्म फाडू नको, ठेव. पन इथून पुढं कळशी तुज्या मांडीवर. नारपोलीच्या कर्जालाबी आन् पडघ्याच्याबी. पानी तूच भरायचं. तीन म्हैने कर, मग मी जिना उतरतो."

"आणि नामा?"

"नामानं परत अर्ज करावा. त्याला कोन अडवतो? शैलापन गप बसनार न्हाय."

शैला गप्प बसली नाही. एप्रिलात पडघ्याची शाखा गोदूबाईच्या हॉटेलाच्या वरच सुरू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात, मी तिथे कागद बघायला असताना, नामाचा अर्ज आला. फॉर्मात आता नात्याला गुण नव्हते, तरी त्याला एकोणसत्तर पडले. अनंताने सकाळी स्वतः विहिरीवर कळशी भरली, मला दाखवली आणि बोट घालून पाणीच असल्याची खात्री करायला लावली. मग नामाबरोबर नारपोलीला निघाला. परतीला त्याच गाडीतून यायचं होतं.

दुपारी तो एस.टी.ने परत आला, एकटा. जिना चढून आत आला तेव्हा टेरिलीनची पँट कमरेपासून गुडघ्यापर्यंत भिजून काळी झाली होती आणि पायातल्या बुटांतून पाणी वाजत होतं. त्याने कळशी माझ्या टेबलावर ठेवली. रिकामी होती. नामाचा फॉर्म काढला, त्यावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारली, आणि खाली सही केली. त्याला सही करायला नेहमी दोन सेकंद लागत. त्या दिवशी त्याने मिनिटभर घेतलं.

आक्का त्या दिवशी पडघ्यालाच आल्या होत्या, शाखा बघायला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्या सगळं बघत होत्या. पायाशी ठेवलेली पिशवी उचलून त्यांनी मांडीवर घेतली आणि निघायच्या तयारीने बसल्या.

"शैलाला काय सांगाल?" मी अनंताला विचारलं.

त्याने पँटीचं पाणी जमिनीवर पिळलं.

"वाळत घाल म्हणेन," तो म्हणाला.